छप्पन्न वेळा ‘काही नाही’

एकदा एका वृद्ध समुद्राभ्यासकाने किनाऱ्यावरच्या गावांना साकडे घातले. रोज पहाटे वाळूतून एक फेरी मारा, कासवाची पावले दिसली तर वहीत लिहा, न दिसली तर तेही लिहा. एकट्या माणसाला एवढा किनारा कसा पाहून व्हावा? गावांनी मनावर घेतले. अर्धा मोसम सरला तेव्हा वह्या मागवल्या गेल्या. कासवांसाठी राखायच्या किनाऱ्यांची यादी करण्याचे काम शिष्याकडे आले.

शिष्य मोठा हुशार, आणि ते त्याला चांगलेच ठाऊक होते! मासळी विकणाऱ्या मथुराबाईंची वही त्याने बाजूला टाकली.

“गुरुजी, साठ पानांत छप्पन्न वेळा ‘काही नाही’. बाईंनी घरी बसून लिहिलंय. उरलेल्या चार पानांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? हा किनारा यादीतून काढतो.”

गुरुजींनी वाद घातला नाही. त्यांनी एक कोरी वही त्याच्या हाती दिली. “काढण्याआधी सात दिवस त्याच किनाऱ्यावर तू फेरी मार.”

ही कसली शिक्षा, शिष्याला उमगेना. तरी तो गेला. पहाटेचा गार वारा, पायांखाली ओली वाळू, जाऊन-येऊन चार मैल. सहा दिवस पावलांचा मागमूस नाही. सातव्या पहाटे त्याने पांघरूण डोक्यावर ओढले. आज काय आभाळ कोसळणार आहे! उजाडल्यावर अंथरुणातच त्याने लिहून टाकले: ‘काही नाही.’

गुरुजींनी मथुराबाईंची पुढची वहीही मागवली आणि दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. मथुराबाईंच्या वहीत त्या सातव्या दिवशीच्या तारखेला वेड्यावाकड्या अक्षरांत होते: ‘आज कासव आलं. अंडी एकशे चार. तुमचे दादा आज फेरीला आले नाहीत.’

शिष्याचे कान तापले. आपण जे पाप तिच्या माथी मारले, ते सातच दिवसांत आपल्याच हातून घडले होते. मान वर करण्याची त्याला लाज वाटली.

गुरुजी शांतपणे म्हणाले, “अरे, दिसलं ते कुणीही हौसेनं लिहितो. दिसलं नाही, हे लिहायला मात्र जाऊन यावं लागतं. तिची ती छप्पन्न पानं आहेत, म्हणून तर तिच्या चार पानांवर माझा विश्वास आहे.”

शिष्याने तिचा किनारा यादीत सर्वांत वर लिहिला आणि स्वतःच्या वहीतले सातवे पान खोडले. मग क्षमा मागायला तो मथुराबाईंच्या दारी गेला. तोंड उघडणार, तोच बाई मासळीची पाटी खाली ठेवून लगबगीने पुढे आल्या.

“परवा आला नाहीस रे, बाबा. जीवाला घोर लागला माझ्या. ताप-बिप आला होता काय?”

हो म्हणणे किती सोपे होते!

“नाही मावशी,” तो म्हणाला, “मी झोपलो होतो.”