कपारीतली पावलं

तळ्याला माणसांनी नावही दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. दर पावसाळा सरला की तिथले पक्षी आपला राखणदार निवडत. उन्हाळ्यात तळं आटून डबकं उरलं, तरी जे तिथेच राहत, ते खडकाच्या कपारीतल्या ओल्या मातीत एकेक पाऊल उमटवून ठेवत. ज्याचं पाऊल, त्याला मत.

एका वर्षी बगळा ऐटीत म्हणाला, "काठावर नजर टाका. सगळं पांढरंच दिसतंय! मग राखणदारही पांढराच हवा."

टिटवीला चौकशा फार. ती म्हणाली, "पण मत असलेल्यांत पांढरे किती, काळे किती, निळे किती? बघू तरी!" ती कासवाला घेऊन कपारीत शिरली. बगळाही मागोमाग आला.

आत पावलंच पावलं होती. कासव एकेक ओळखू लागलं. "हे पाणकावळ्याचं. हे खंड्याचं. या सगळ्या साळुंक्या. हे तुझं, टिटवे."

"आणि पांढऱ्यांची?"

"दोन. एक म्हाताऱ्या बगळीचं, एक तिच्या लेकीचं."

बगळा मान लांब करून कोपरान् कोपरा धुंडाळू लागला.

"काय शोधतोयस?" टिटवीने विचारलं.

"माझं पाऊल."

"उन्हाळ्यात कुठे होतास रे तू?" टिटवीला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नदीवर," बगळा पुटपुटला. "तिथे पाणी होतं."

कासवाने कडेची थोडी कोरी माती दाखवली. "इथे जागा आहे अजून. येत्या उन्हाळ्यात थांब."