पोवळीचा पहिला जिताडा

जिथे नदीचं पाणी आपली गोडी हळूहळू विसरत जातं आणि समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा भेटायला आत येतं, अशा एका खाडीच्या काठी पोवळी राहत होती. तिचं घर इवलंसं होतं, खिडकी त्याहून इवलीशी. त्या खिडकीतून हिरवीगार खारफुटी दिसायची, रुपेरी चिखल दिसायचा आणि त्या चिखलावर नाचणारे लाल नांगीचे चिमुकले खेकडे दिसायचे.

पोवळी नऊ वर्षांची होती. तिचे बाबा तापाने गेले त्याला आता चार महिने झाले होते. घरात फारसं काही नव्हतं. तांदूळ होते, मीठ होतं, आणि कोपऱ्यात बाबांची मासे गरवायची बांबूची काठी होती. पण पोवळीला काळजी होती ती आईची. आई रोज भात रांधायची, पोवळीला वाढायची आणि स्वतः दोन घास घेऊन हात धुवायची. तिच्या हातातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकत.

"आई, तुला काय केलं तर खावंसं वाटेल?" पोवळीने एकदा विचारलं.

आईने बराच वेळ विचार केला. "जिताड्याचं कालवण असतं तर गेले असते चार घास," ती म्हणाली, आणि लगेच, "जाऊ दे. तू जेव."

जिताडा म्हणजे त्या खाडीतल्या माशांचा राजा. चांदीच्या अंगाचा, सोनेरी डोळ्यांचा. तो बाबांनाही वर्षातून दोन-तीनदाच मिळायचा, आणि बाजारातला जिताडा यांच्या घरी येणं शक्य नव्हतं. म्हणून अष्टमीच्या सकाळी पोवळीने कोपऱ्यातली काठी उचलली आणि ती खाडीवर गेली.

भरती चढत होती. पोवळी गळ टाकणार, तेवढ्यात खारफुटीच्या मुळांमध्ये तिला काहीतरी लुकलुकताना दिसलं. तिला वाटलं, खंड्या पक्षी असेल. कुणीतरी टाकून दिलेल्या तंगुसाचा, म्हणजे गळाच्या दोऱ्याचा, गुंता तिथे अडकला होता आणि त्यात ते निळं-जांभळं, थरथरणारं काहीतरी पुरतं गुरफटलं होतं. तो बारीक पारदर्शक दोरा ओढला असता, तर नाजूक पंख फाटले असते. पोवळी गुडघाभर चिखलात बसली आणि एक एक गाठ नखाने सोडवू लागली. भरती आली, थांबली, परत फिरली. गळ टाकायची वेळ निघून गेली. शेवटची गाठ सुटली तेव्हा तिच्या तळहातावर वीतभर उंचीची परी उभी होती. तिचे पंख माशाच्या खवल्यांसारखे होते. ऊन पडलं की त्यांवर गुलाबी, हिरवे, मोरपंखी रंग धावत.

"मी खाजणपरी," ती म्हणाली. तिचा आवाज शिंपल्यात पाणी हलावं तसा होता. "तुझी भरती माझ्यापायी गेली. तू एक इच्छा माग. पण तिला तीन नियम आहेत. जे माणूस माणसाला देऊ शकतं, ते मी देत नाही. जे गेलं, ते मी परत आणत नाही. आणि पुनवेच्या उधाणाबरोबर मी समुद्रात जाणार, त्याच्या आत मागायचं."

दुसरा नियम ऐकून पोवळी थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला एक जिताडा दे."

"तो माणसं पकडतात. मी कशाला देऊ?"

"मग मला पकडायला शिकव."

"तेही माणसं देतात," परी हसली. "त्या उघाडीवर दोघं बसतात, त्यांना विचार."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली झडप. भरतीला ती आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते, मग शेतातलं पाणी खळखळत खाडीत पडतं. त्या उघाडीच्या एका बाजूला जोमा आजोबा बसत. त्यांचे हात वाऱ्यातल्या पानांसारखे थरथरत. दुसऱ्या बाजूला ठकूबाय बसे. तिच्या डोळ्यांत धुकं उतरलं होतं, गळाचं पाण्यावर तरंगणारं बूच तिला दिसत नसे. दोघांनी सगळा जन्म गळ टाकण्यात घालवला होता. आता मासा मिळत नसला तरी दोघं रोज येत. आणि गेली सात वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"असं का?" पोवळीने विचारलं.

"सात वर्षांमागं एवढा मोठा जिताडा लागला होता," जोमा आजोबा म्हणाले. "माझ्या गळाला. हिनं आपलं तंगूस मध्ये घातलं."

"त्याला सांग गो पोरी," पलीकडून ठकूबाय म्हणाली, "मासा माझ्या गळाला होता. तंगूस यानं घातलं."

"तिला सांग, मासा कुणाचा ते माशाला ठाव हाय."

"त्याला सांग, म्हणूनच पळाला तो. याचं तोंड बघून."

पोवळीने कुणालाच काही सांगितलं नाही. ती दोघांच्या मधोमध, झडपेच्या लाकडावर बसली आणि म्हणाली, "मला शिकवाल का? माझ्या आईसाठी पाहिजे."

भांडण तिथेच थांबलं. पोवळीचे बाबा दोघांनाही माहीत होते.

"ये इकडं," ठकूबाय म्हणाली. तिने मडक्यातून एक जिवंत कोळंबी काढली आणि न बघता, बोटांनीच चाचपून, शेपटीजवळ अलगद गळ ओवला. "इथं ओवायची. डोक्यात ओवलीस तर मरेल. मेलेली कोळंबी जिताडा हुंगत पण नाय. आता पाणी बघ. मला दिसत नाय, पण ऐकू येतं. उघाडीचं पाणी कुठं पडतं आणि कुठं गप्प होतं?"

पोवळीने पाहिलं. फेसाळत्या धारेच्या कडेला, एका दगडामागे, बशीएवढं पाणी अगदी शांत होतं.

"तिथं तो उभा असतो. वाहत्या पाण्याकडं तोंड करून. आळशी हाय तो, खाणं दारात यायची वाट बघतो. ओहोटी संपता संपता गळ तिथं सोडायचा."

मग जोमा आजोबांनी तिला आपल्या बाजूला बोलावलं. "पहिल्यांदा टक् लागेल. ओढायचं नाय. तो नुसता विचारतो, कोण हाय म्हणून. आपलं नाव मनात दोनदा सावकाश घ्यायचं. मग दोरा चालायला लागला की काठी उचलायची. आणि एकदा लागला की दोरा ताणलेला ठेवायचा. ढिला सोडलास की गेला."

"त्याला सांग," ठकूबाय म्हणाली, "ताणून धरलं की गेला. जिताड्याच्या गालफडाला पातं असतं, विळ्यासारखं. ताणलेला दोरा कचकन कापतो. ढिला सोडायचा."

"ताणायचा."

"ढिला सोडायचा गो पोरी, त्याचं ऐकू नको."

पोवळी मात्र दोघांचंही ऐकत होती. नवमीला तिने टक् लागताच ओढलं आणि रिकामा गळ वर आला. दशमीला ती नाव घ्यायला शिकली. पोवळी, पोवळी. एकादशीला मासा खराच लागला. तिने दोरा घट्ट ताणला, चांदीचा झोत पाण्याबाहेर उसळला, हवेत डोकं झटकलं आणि दोरा तुटला. द्वादशीला तिने दोरा ढिला सोडला. मासा सुळकन खारफुटीच्या मुळांत शिरला आणि गळ तिथेच अडकून राहिला.

त्या संध्याकाळी आकाश डाळिंबी झालं होतं. पोवळी झडपेवर बसून मुकाट्याने रडली. खाजणपरी तिच्या गुडघ्यावर उतरली.

"अजून इच्छा मागितली नाहीस," परी म्हणाली.

"मला माहीत आहे काय मागायचं. आईला भूक लागू दे, असं मागणार आहे. जेवण माणूस देऊ शकतं, भूक नाही ना देऊ शकत?"

परीने पंख मिटले. "तुझा जिताडा आधी धर," ती म्हणाली. "मग ठरव."

त्या दिवशी झोपण्यापूर्वी पोवळी अंथरुणात पडून दोन्ही मासे पुन्हा पुन्हा आठवत राहिली. ताणला तेव्हा मासा उडाला आणि दोरा तुटला. ढिला सोडला तेव्हा मासा पळाला आणि मुळांत गेला. मग तिच्या लक्षात आलं, की पळताना ताणायचं आणि उडताना ढिलं सोडायचं. जोमा आजोबांना अर्धं ठाऊक होतं आणि ठकूबायला अर्धं. सात वर्षांत दोघं एकदा जरी बोलले असते, तरी त्यांना हे कळलं असतं.

त्रयोदशीला भर दुपारी ओहोटी संपत आली. जोमा आजोबा जेवायला घरी गेले होते. ठकूबाय पदर तोंडावर घेऊन डुलक्या घेत होती. पोवळीने कोळंबी शेपटीजवळ ओवली आणि गळ बशीएवढ्या शांत पाण्यात सोडला.

टक्.

पोवळी. पोवळी.

दोरा चालायला लागला. तिने काठी उचलली, आणि बांबू धनुष्यासारखा वाकला. मासा पळाला, तिने दोरा ताणून धरला. मासा उसळला, तेव्हा तिने वाकून नमस्कार करावा तशी काठी खाली झुकवली. हवेत पाण्याचे हजार हिरे उडाले आणि दोरा सैल होऊन शाबूत राहिला. पुन्हा ताण, पुन्हा नमस्कार. सात वेळा तो उडाला आणि सात वेळा ती वाकली. मग तो दमून काठाशी आला. पोवळीच्या हाताएवढा लांब, चंदेरी, गुंजेच्या लाल रंगात सोनं मिसळावं अशा डोळ्यांचा.

पोवळीने त्याला पदराएवढ्या फडक्यात गुंडाळलं. आणि मग तिला रीत आठवली.

त्या खाडीवर एक जुनी रीत होती. शिकणाऱ्याचा पहिला मासा शिकवणाऱ्याचा. तो त्याच्याच हाताने शिजायचा आणि त्याच्याच पानात पडायचा. दुसऱ्या माशापासून आपलं घर.

दुसरा जिताडा कधी मिळेल, कुणास ठाऊक. उधाणाचं गढूळ पाणी उद्यापासून चढणार होतं, त्यात जिताडा गळाला येत नसे. बांधावर दुसरं कुणी नव्हतं. ठकूबायला तसंही दिसत नव्हतं. खारफुटीतून एक पायवाट सरळ पोवळीच्या घरामागे जात होती.

पोवळी त्या वाटेवर दहा पावलं गेली. आईच्या सैल बांगड्या तिच्या डोळ्यांपुढे होत्या. मग ती थांबली. फडक्यात मासा जड लागत होता. तो धरताना तिचे हात ठकूबायच्या बोटांसारखे चालले होते, आणि मनात मोजणं जोमा आजोबांचं होतं. ती मागे वळली, आणि मासा झडपेच्या लाकडावर, अगदी मधोमध ठेवला.

"ठकूबाय," तिने हाक मारली. "पहिला मासा."

ठकूबाय दचकून उठली. तिने मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत हाताने पाहिला. जोमा आजोबा जेवून येत होते, तेही धावले.

"ताणलास ना?" त्यांनी विचारलं.

"पळताना ताणला. उडताना सोडला."

मग ठकूबाय खाली बघत म्हणाली, "जोमा, त्या दिवशी तो उडाला तेव्हा तू ताणून होतास."

"आणि तो पळाला तेव्हा तू सोडून होतीस," जोमा आजोबा म्हणाले. "दोघांनी मिळून घालवला गो."

सात वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलले, ते हे.

"आता कुणाच्या घरी न्यायचा?" पोवळीने हळूच विचारलं.

"माझ्या," दोघं एकदम म्हणाले. मग ठकूबायने पोवळीचा चेहरा चाचपला. गाल ओले होते. "रीत सांगते, शिकवणाऱ्याच्या हातानं शिजवायचा," ती म्हणाली. "चूल कुणाची, हे कुणी सांगितलंय? चल जोमा. मला हात दे, बांधावरून दिसत नाय मला."

त्या संध्याकाळी पोवळीच्या इवल्याशा घरात कोकमाचा आणि लसणाचा वास भरून राहिला. ठकूबायने कालवण केलं. जोमा आजोबांनी थरथरत्या हातांनी पानं मांडली, चार.

"तुम्ही बसा, मी वाढते," आई म्हणाली.

"सगुणा, घरची बाई बसल्याशिवाय आम्ही हात लावणार नाय," जोमा आजोबा म्हणाले. "तुझ्या घरवाल्यानं त्याचा पहिला मासा माझ्याकडं आणला होता, ठाव हाय? बोटभर बोईट. आणि तोरा असा, की देवमासा आणलाय."

आईच्या ओठांचा कोपरा हलला. "मला वीतभर होता म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि पाटावर बसली. पहिला तुकडा ठकूबायच्या पानात पडला, दुसरा जोमा आजोबांच्या. मग आईने एक घास घेतला, मग अजून एक. पोवळी मनात मोजत होती. अकरा झाले.

पुनवेच्या पहाटे उधाण चढलं. खाडी काठोकाठ मोत्यासारखी चमकत होती. खाजणपरी झडपेवर उभी होती, तिच्या पंखांत चंद्राचा आणि सूर्याचा दोन्हींचा उजेड होता.

"आईची भूक मागणार ना?"

पोवळीने नकारार्थी मान हलवली. "काल तिने स्वतःहून भात मागून घेतला. भूक येतेय, तिची तिची. सावकाश." तिने बांधाकडे पाहिलं. "जोमा आजोबांचे हात थरथरायचे थांबू देत, आणि ठकूबायला बूच दिसू दे. हे माणसाला देता येत नाही. खूप मोठं असेल तर एका ओहोटीपुरतं चालेल."

"एका ओहोटीपुरतं कशाला," परी म्हणाली. तिने पोवळीच्या नाकाच्या शेंड्याला पंख लावला. तो दवासारखा गार होता. मग ती पाण्यावर झेपावली. तिच्यामागे गुलाबी, हिरवी, मोरपंखी रेघ उमटली, ती रुंद होत गेली, सगळी खाडी उजेडाने भरली, आणि त्या उजेडात परी कुठे संपली आणि पाणी कुठे सुरू झालं, ते पोवळीला कळलंच नाही.

बांधावरून आवाज येत होते. "जोमा, तुझं बूच माझ्या बाजूला येतंय, बाजूला घे." "दिसतं वाटतं तुला आता?" "दिसतं तर. तुझे पिकलेले केस पण दिसतात."

पोवळी घराकडे पळाली. आई दारात उभी होती, केस विंचरलेले, हातात रिकामी ताटली.

"पोवळे," आई म्हणाली, "परवाचं कालवण उरलंय का गं? मला भूक लागलीय."