एका नियमाची चार पानं

झाडं अजून चालत-फिरत होती, त्या काळची गोष्ट. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार अशी चार माकडं जंगलाची गणितं करत. उत्तराला दशांशाची लांब शेपटी आली की ती छाटायचा नियम एकच. पण चौघांकडे त्याची चार पानं!

नियमात चूक निघाली. साळिंदरबाईंनी पाठीवर उरलेल्या चार काट्यांतला एकेक लेखणीसाठी मोडून तीन पानं सुधारली, भागाकाराचं राहिलं. त्याने हत्तीचं वजन पुलाच्या फळ्यांत वाटलं आणि हत्ती धपकन नदीत पडला.

"मेल्यांनो, चौघांत एकच पान ठेवा!" बाई कडाडल्या. "एकच काटा उरलाय माझा!"

माकडांना पटलं. तीन पानं फाडली.

मग बेरीज हळूच म्हणाला, "बाई, हे हरवलं तर? चौघांना एकेक नक्कल द्या ना."

बाईंनी शेवटचा काटा उपटला. तो टेकला मात्र पानावर नाही, बेरजेच्या बुडावर.