चिंध्यांवर उभा पाट

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की सांगणाऱ्यांनाही गावाचं नाव आठवत नाही. डोंगरावर एक तळं होतं. तिथून उंच दगडी भिंतीवरून पाण्याचा पाट गावात उतरत असे. रंगारी, कोष्टी, कुंभार, सगळ्यांचे धंदे त्याच पाण्यावर चालत. पाणी सोडणारा पाटकरी मोठा भला माणूस. फक्त नाही म्हणायला त्याची जीभ उचलत नसे.

गावाची एक रीत होती. पाणी मागायला आलेल्याला सूर्य मावळायच्या आत पाणी द्यायचं. रंगारी येऊन म्हणे, "दादा, कापड कढईत पडलंय, आता थांबता यायचं नाही." की पाटकरी पहार घेऊन भिंतीला भोक पाडी. काम झालं की चिंध्या नि चिखल कोंबून ते बुजवी आणि मनाशी म्हणे, सवडीनं दगड बसवू. ती सवड काही आली नाही. गाव मात्र त्याच्यावर खूश होतं. वेळ मारून नेणारा माणूस कोणाला आवडत नाही?

एके दिवशी त्यानं कोष्ट्याचं भोक बुजवलं, तर खाली कुंभारवाड्याजवळ भिंतीतून धार लागली. ती बुजवली, तर तिसरीकडे भिंत पाझरू लागली. आपणच पाडलेल्या भोकांपैकी कोणतं कशाला धरून आहे, हे आता त्यालाच ठाऊक नव्हतं. आणि भिंतीच्या अगदी पायथ्याशी त्याची लेक राहत होती, तान्ह्या बाळाला घेऊन.

तो भिंतीला कान लावून बसू लागला. आत कुठेतरी माती सुटून पडल्याचा आवाज येई.

शेवटी तो पाट बांधणाऱ्या म्हाताऱ्या गवंड्याकडे गेला. गवंडी म्हणाला, "मीही काही शहाणा नव्हतो. पाट निर्दोष हवा म्हणून तीन उन्हाळे नुसता आखत बसलो. तोवर तहानेनं अर्धं गाव उठून गेलं. गरज पडली तर भोक पाड, बाबा. पण आठ दिवसांत तिथं पाणी सोडायला पक्की दगडी मोरी बांध, आणि ती बांधल्याशिवाय दुसरं पाडू नकोस. आता मात्र पाणी बंद करून सगळी भिंत उकलायला हवी."

पाटकऱ्यानं पाणी बंद ठेवायला पाटलाकडे आठ दिवस मागितले.

"जत्रा तोंडावर आलीय," पाटील म्हणाला. "इतकी वर्षं उभी राहिलेली भिंत आठ दिवसांत पडत नाही. रंगाऱ्याला आज पाणी दे."

भिंत आतून पोकळ झालीय, पायथ्याची घरं रिकामी करा, एवढंच सांगायचं होतं. पण मग ती कुणी पोकळ केली, असं विचारतील, या भीतीनं तो गप्प राहिला. लेकीलाही काही बोलला नाही. भर दुपारी त्यानं पहार उचलली आणि एकच घाव घातला.

भिंत बसली. पाण्याचा लोंढा कुंभारवाड्यावर गेला. भट्ट्या, मडकी, घरं, काही म्हणता काही उरलं नाही. लेक बाळाला छातीशी धरून कशीबशी वर आली. चिखलानं माखलेल्या त्या पोरीनं बापाकडे पाहिलं.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"



आठ दिवस न देणाऱ्या गावानं पुढे वर्षभर डोंगरावरून डोक्यावर पाणी वाहिलं, तेव्हा कुठे नवी भिंत उभी राहिली. रंगारी घाईत असला की पुढेही तिच्यात भोक पाडत. पण मोरी बांधून होईपर्यंत पाटकऱ्याच्या कुटुंबानं पायथ्याशी राहायला जायचं, अशी रीत त्या पाटकऱ्यानं स्वतःच घालून दिली.

तात्पर्य: अडल्या वेळी ठिगळ लावण्यात पाप नाही, ते लावून विसरण्यात आणि लपवण्यात आहे.