ओ न दिलेली हाक

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा जनावरं बोलत आणि माणसं ऐकत. आता दोन्ही बंद झालंय. लहानांनी ही गोष्ट ऐकावीच, पण थोरांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी, कारण चूक थोरांचीच आहे.

रानाच्या कडेला एक गाव होतं. ओढ्यापासून वेशीपर्यंत एका ओळीत शेतं, आणि ज्याचं घर त्याच्या शेतातच. प्रत्येक शेतात राखणीसाठी चार खांबांचा उंच माळा. रानात डुकरं फार, म्हणून ज्वारी पोटरीला आली, पोटात कणीस धरू लागली, की शेतकरी संध्याकाळी माळ्यावर चढे.

दिवस मावळला की ओढ्याकाठचा गडी हाक देई, "आहेस का रे?" शेजारच्यानं ओ द्यायची, "आहे!" आणि मग आपल्या पुढच्याला तेच विचारायचं. अशी ती हाक शेताशेतातून वेशीपर्यंत जाई. चुलीपुढच्या बाया ती ऐकत आणि म्हणत, चला, सगळे आहेत.

ओढ्याकाठचं शेत शिदूचं. बायको मागंच वारलेली, लेकरू नाही, घरात एकटा जीव. त्याच्या लगतचं शेत हैबतीचं.

एका वर्षी ज्वारी पोटरीत असतानाच पावसानं पाठ फिरवली. कणीस बाहेर पडलंच नाही. धाटं उभ्या उभ्या करपली. राखायला काही उरलं नाही, तशी माणसं माळ्यावरून उतरली आणि घरात जाऊन बसली.

आता घरात बसलेला शेतकरी म्हणजे काय असतं, ते त्याच्या बायकोला विचारा. कोणी दिवसभर तोंडावर घोंगडं घेऊन पडे. कोणी बैलावर हात उगारी, कोणी पोरावर. जो तो समजे, बुडालो तो मीच. बाकीच्यांच्या कणगीत थोडंफार धान्य असणारच. पण विचारायला कोणी कुणाच्या दारात जाईना. हैबती तर नीट असलेला बांध उकरी आणि पुन्हा नीट करी. बायको काही बोलली की अंगावर खेकसे.

शिदू मात्र रोज दिवस मावळता माळ्यावर चढे आणि हाक देई, "हैबती, आहेस का रे?"

काही दिवस हैबतीनं अंगणातून ओ दिली, हाक पुढंही पाठवली. मग त्याला त्या हाकेचाच राग येऊ लागला. एके दिवशी बांधावर गाठ पडली तेव्हा तो म्हणाला, "काय राखतोस रे? धसकटं?"

शिदू हसला. "पीक गेलंय हे अजून डुकरांना कळलेलं नाही. तेवढी अब्रू राखतो."

हसून झालं तरी तो जाईना. पायानं ढेकूळ फोडीत उभा राहिला. त्याला काही बोलायचं होतं, आणि हैबतीला ते दिसत होतं. दिसलं नाही असं नाही. पण याचं ऐकलं तर आपलंही सांगावं लागेल, या भीतीनं त्यानं कुदळ उचलली आणि पाठ केली.

त्या संध्याकाळपासून हैबतीनं ओ देणं सोडलं. तिथंच हाक तुटली. पुढच्या शेतांपर्यंत शिदूचा आवाज जात नव्हता. तो हैबतीच्याच तोंडानं पुढं जायचा.

बायको म्हणाली, "अवो, शिदूभाऊजी हाक देत्यात. ओ द्या की."

"काय सांगू त्याला? कणगी रिकामी झाली म्हणून?"

"ते कणगीचं कुठं विचारत्यात? आहेस का, एवढंच विचारत्यात."

हैबतीनं तिला चूल बघायला सांगितलं. चुलीवर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ती बिचारी बघायला गेली.

शिदूची हाक दिवसेंदिवस बारीक होत गेली. एका संध्याकाळी ती आलीच नाही. हैबती म्हणाला, सुटलो. आणि बऱ्याच दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

सकाळी तो पाण्याला ओढ्यावर गेला, तर शिदूच्या माळ्याखाली एक म्हातारा रानडुक्कर भर उजेडात माती उकरत होता. हैबतीनं काठी उगारली. डुक्कर हलला नाही.

"मला कशाला हाकलतोस?" तो म्हणाला. "वर जाऊन त्याला उठव आधी."

हैबती शिडी चढला. शिदू खांबाला टेकून बसला होता, तोंड हैबतीच्या घराकडं. अंग गार पडलं होतं. पोटात अन्न नाही आणि मनातलं ऐकायला माणूस नाही, असा तो बसल्या जागी संपला होता.

डुक्कर खालून म्हणाला, "तुमच्या ओरडण्याला आम्ही कधी भ्यालो नाही. एकटा माणूस किती का ओरडेना. भ्यायचो ते ओ ऐकून. एकाला धक्का लावला तर सगळी ओळ धावून येईल, हे भय होतं. ओ थांबली आणि आम्ही ओढा ओलांडला. परवापर्यंत तो विचारत होता. आम्हीसुद्धा झुडपात कान लावून होतो, तू काय म्हणतोस म्हणून."

गाव जमलं. सगळे म्हणाले, आम्हाला वाटलं, शिदूनंच हाक सोडली. मग एकेकाची नजर हैबतीकडं वळली.

हैबती म्हणाला, "माझ्यापाशी द्यायला काही नव्हतं."

त्याची बायको कधी चारचौघांत बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "ओ होती की."

शिदूला खांदा देताना लोक पहिल्यांदा आपापलं दुखणं बोलले, तेव्हा कळलं की कणग्या सगळ्यांच्याच रिकाम्या. जो तो दुसऱ्याच्या भरल्या कणगीवर जळत होता, आणि ती कणगी कुठं नव्हतीच.

पुढल्या वर्षी पाऊस झाला, ज्वारी कमरेच्या वर गेली. आता ओढ्याकडचा पहिला माळा हैबतीचा. दिवस मावळला तशी त्यानं हाक दिली, "आहेस का रे?" शेजारच्यानं ऐकली. पण ज्यानं शिदूला ओ दिली नाही, त्याला कोण ओ देणार? शेजारी गप्प बसला, म्हणून पुढचाही गप्प बसला. आधी हैबतीचं शेत गेलं, मग शेजाऱ्याचं, मग त्याच्या शेजाऱ्याचं. वेशीपर्यंत डुकरांनी कणीस ठेवलं नाही. हैबती मात्र रोज माळ्यावर चढे आणि हाक देई, कधी गावाकडं तोंड करून, कधी ओढ्याकडं, शिदूच्या रिकाम्या माळ्याकडं.

तात्पर्य: ओ द्यायला भरली कणगी लागत नाही. वाईट दिवसांत जो ओ देत नाही, तो शेजाऱ्यालाही एकटं मारतो आणि स्वतःही एकटा उरतो.