मांड्याला तुतारी कशाला?

टर्रकन मांडा फाटला! ऐन हातावर असताना शाळेची घंटा झाली, म्हाळसा दचकली आणि पुरण थेट पायावर पडलं.

"मेली ती घंटा!" म्हाळसेनं कपाळावर हात मारला. कपाळ पिठानं पांढरं झालं.

चिवटगडच्या राजवाड्यात मांडे करायचा मान तिच्या गोदाआत्याचा. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर झेलत झेलत मलमलीसारखी पातळ करायची आणि उपड्या खापरावर टाकायची. तोवर करणारीला कुणी हाक मारायची नाही, असा रिवाज. पण आता आत्याचे हात थरथरू लागले होते, आणि ते खापर आपल्या हाती यावं, एवढं एकच म्हाळसेच्या मनात होतं.

आडवा आला राजा धुंडिराज! त्याचा हुकूमच होता, "कुणी काहीही धंदा करा, आधी आमच्या पाच विद्या शिका! हत्ती हाकणं, नेम मारणं, पोहणं, तुतारी फुंकणं आणि काव्य!"

झालं! न्हावी अर्ध्या दाढीवर थांबून यमक शोधायचे. सुईण हत्तीवरून डुलत येईपर्यंत बाळ रांगायला लागायचं. कोष्टी गाल फुगवून तुताऱ्या फुंकत बसले आणि राज्यात धोतर मिळेना!

म्हाळसा पाचही विद्या शिकली, हो! पण प्रधानगुरू त्र्यंबकशास्त्री सोडतात कसले! "उजळणी, पोरी, उजळणी!" असं म्हणत ते दर थोड्या वेळानं घंटा बडवायचे. इकडे मुदपाकखान्याचा मुकादम आपल्या मेहुण्याला खापरावर बसवायला टपलेला. त्या मेहुण्याला मांडा कुठला आणि पांघरूण कुठलं, हेही कळत नव्हतं.

म्हाळसा तडक दरबारात गेली.

"महाराज, मांड्याला तुतारी कशाला?"

शास्त्रीबुवांना ठसकाच लागला.

"काय म्हणालीस?" राजा गरजला. "आमची एकही विद्या वाया जात नाही! उद्या दुपारी आम्हाला मांडा वाढ. पाचही विद्या त्याच्या कामी आल्या पाहिजेत. आल्या तर खापर तुझं. एक जरी वाया गेली, किंवा मांडा फाटका निघाला, तर जन्मभर हत्ती धूत बस!"

मुकादमाचा मेहुणा तिथल्या तिथे हात धुऊन आला.

आत्याचा जीव खालीवर. "अगं, मांड्यात हत्ती कसा घालणार तू?"

"घालायचा नाही गं, आत्या. नुसता बसवायचा!"

दुसऱ्या दिवशी राजा पानावर बसला, आणि म्हाळसा निघाली ती शास्त्रीबुवांकडे. नमस्कार करून म्हणाली, "बुवा, एक समस्या अडलीय. शेवटचा चरण आहे, 'म्हणूनि उंट हसला.' आधीचे तीन तेवढे जुळवून द्या."

समस्या पुरी केल्याशिवाय पंडितानं जागेवरून उठायचं नाही, अशी त्यांची रीत. बुवांनी डोळे मिटले आणि बोटांवर अक्षरं मोजायला लागले.

मग अंगणात येऊन तिनं बाण सोडला. सप्प! घंटेची दोरी तुटून खाली पडली. मग वेशीवर जाऊन तुतारी फुंकली. तुतारी झाली की पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला मुदपाकखान्यातल्या सगळ्यांनी धावायचं, असा वाड्याचा नियम. आचारी, वाढपी, मुकादम आणि मेहुणा तांबे घेऊन पळत सुटले. मुदपाकखाना रिकामा झाला. तेवढ्यात म्हाळसेनं हत्ती हाकत आणला आणि "बैठ!" म्हणून दारातच आडवा बसवला.

आता आत जायचं कसं? पदर खोचून तिनं मागच्या तळ्यात उडी मारली, पलीकडे पोहली आणि पाणदारातून आत शिरली. कोरडं लुगडं आत्यानं सकाळीच तिथे ठेवलं होतं.

बाहेर एकच कालवा! वेशीवर पाहुणाच नाही म्हणून मुकादम परत आला, तर दारात हत्ती. ढकलला, गूळ दाखवला, पाया पडला. हत्ती कान हलवून झोपी गेला.

आत मात्र चिडीचूप. म्हाळसेनं कणीक हातावर घेतली. कुणी हाक मारीना, घंटा होईना. मांडा पसरत पसरत कोपरांपर्यंत आला. पलीकडची चूल त्यातून दिसायला लागली तेव्हा तिला आनंदानं रडूच आलं.

मांडा खापरावर भाजून निघाला, तशी तिनं टाळी वाजवली. हत्ती उठला. राजाच्या पानात मांडा पडला, गरमागरम, कुठे फाटका नाही! वर तुपाची धार.

राजानं पहिला घास घेतला, डोळे मिटले, मग एकदम आठवण होऊन डोळे वटारले. "यात आमच्या विद्या कुठायत? आम्हाला तर पुरणच लागतंय!"

"सगळ्या कामी आल्या, महाराज! काव्यानं शास्त्रीबुवा बसवले. नेमानं घंटा गप्प केली. तुतारीनं मुकादम पळवला, हत्तीनं बाहेर अडवला आणि पोहून मी आत शिरले. मांड्याला पुरण लागतं, कणीक लागते आणि घटकाभर कुणी मधे मधे न करणं लागतं. पुरण-कणीक घरात होती. तेवढी शांतता मिळवायला तुमच्या पाचही विद्या लागल्या, बघा!"

राजा असा हसला, असा हसला, की तुपाची वाटी कलंडली! "वा गं पोरी! खापर तुझं! आणि हे सोन्याचं कडं आत्याला!"

आत्यानं तिथेच भाचीची दृष्ट काढली.

एवढ्यात मुकादम धापा टाकत आला. "महाराज, शास्त्रीबुवा अजून उंटापाशीच अडकलेत! त्यांना उठवू का?"

राजानं दुसऱ्या मांड्यासाठी पान पुढे सरकवलं.

"खबरदार!" तो म्हणाला. "अजून खापर तापलेलं आहे!"