सातव्या सेलचं पोट

विजेच्या मोटारी नव्या नवलाईच्या होत्या, तेव्हाची गोष्ट. एका मोटारीच्या बॅटरीत शंभर सेल दाटीवाटीनं राहायचे. त्यातला सातवा भारी कामचुकार. चार्जिंग अर्ध्यावर आलं की तो ओरडायचा, "पोट भरलं!" मग सगळ्यांचंच चार्जिंग थांबायचं आणि गाडी चढावर बंद पडायची.

शेवटी मेकॅनिक झुलेखाबाईंनी बॅटरी उघडली. "बिघाड कुणात आहे रे?"

"सगळ्यांतच, बाई!" सातवा साळसूदपणे म्हणाला. शेजारधर्म म्हणून बाकीचे गप्प बसले.

"मग सगळेच भंगारात!"

"सातव्यात!" नव्व्याण्णव सेल एका सुरात ओरडले.

बाईंनी त्याच्या जागी दुसरा सेल बसवला आणि सातव्याला आपल्या टॉर्चमध्ये घातलं. काम थोडं म्हणून तो खूश झाला. पण तिथं तो एकटाच होता. उजेड जरा मंदावला, की बाईंची चापट थेट त्यालाच बसायची.